आकृती चार

बाईंनी स्टूल ओढलं, भिंतीचा आधार घेत त्यावर चढल्या आणि समोरची फ्रेम खिळ्यावरून अलगद उचलली. साठी उलटल्यापासून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. साधा बल्ब बदलायचा तरी त्या कुणाला तरी हाक मारत. आज त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. फ्रेम पोटाशी धरून त्या खाली उतरल्या, काचेवरची धूळ बाहीनं पुसली आणि कपाटात जुन्या कॅटलॉगांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ती ठेवून दिली.

ती आपल्या टेबलाशी बसून हे बघत होती. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलेलं होतं, पण रेघ पुढे सरकत नव्हती. फ्रेममधलं चित्र तिनं काढलेलं होतं.

"काही दिवस राहू दे तिथे," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "कुणी आलं-गेलं तर उगाच नजरेला नको."

त्या कार्यालयात यंत्रांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिका तयार होत. यंत्र कसं बसवायचं, कसं चालवायचं, कशाला हात लावायचा नाही, हे सांगणाऱ्या. घरातल्या मिक्सरपासून कारखान्यातल्या अवजड धुडांपर्यंत सगळं त्यांच्या टेबलावरून जाई. बाई पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना बाईच म्हणत. चित्रं ती काढायची, गेली एकोणीस वर्षं. मजकूर लिहिणारा एक पन्नाशीचा सडपातळ गृहस्थ होता. सुटलेला अनुस्वार त्याला दहा फुटांवरून दिसायचा, म्हणून त्याचं नावच अनुस्वार पडलं होतं. तो तिला खोडरबर म्हणायचा, कारण काढण्यापेक्षा तिचं खोडणंच जास्त असे.

बाईंनी पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावली होती. सकाळी येताना प्रत्येकानं वाटेत दिसलेली एक चांगली गोष्ट आणायची आणि दाराजवळच्या फळ्यावर टाचायची. मोठमोठ्या जाहिराती नकोत, त्या बनवायला माणसं बसलेलीच असतात. कुणी न सांगता कुणीतरी नीट केलेली साधी गोष्ट हवी. औषधाच्या बाटलीचं लेबल, ज्यावर मात्रा इतकी ठळक छापलेली की म्हाताऱ्यानं चष्म्याशिवाय वाचावी. बेकरीच्या पिशवीवर अवघ्या सहा रेघांत पाव पळवणारं कुत्रं. अनुस्वारला बहुतेक वाक्यंच सापडत. एकदा त्यानं एका शिंप्याच्या बंद दारावरची चिठ्ठी उतरवून आणली होती : 'जेवायला मी एकटाच गेलोय. तुमचे कपडे इथेच आहेत.' बाईंनी ती तीनदा वाचली. म्हणाल्या, दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटातला गोळा ह्याला दिसला. आपलं पुस्तक असं लिहिलं गेलं पाहिजे.

तिला ही शिस्त कधी शिस्त वाटलीच नाही. रस्त्यानं चालताना तिची मान सारखी वळत असे. तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा आहे, असं तिचा नवरा म्हणायचा. दोन पावलं झाली की ही कुठल्यातरी खोक्यापुढे उभी. घरच्या कपाटाचे दोन कप्पे लेबलांनी आणि तिकिटांनी भरलेले होते. दिवस वाईट गेला की ती त्यातलं एखादं काढून बघे. कुणीतरी, कुठेतरी, कुणाचाही हुकूम नसताना एक अक्षर मनापासून काढलंय, एवढं तिला पुरत असे.

चार वर्षांपूर्वी मावशीच्या शिवणाच्या सामानात तिला दोऱ्याच्या रिळांची एक जुनी पुठ्ठ्याची डबी दिसली. झाकणावर एक हात होता. चौकटीच्या उजव्या कडेतून तो आत येत होता, तळवा पसरलेला, बोटं किंचित सुटी, जणू कुणाला काही देतो आहे. सबंध हात एकाच रेघेत, पेन न उचलता काढलेला. तिनं मावशीकडून ती डबी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर टाचली. त्या दिवशी बाईंनी काम थांबवून सगळ्यांना ती रेघ बघायला लावली.

त्याच आठवड्यात पंचिंग मशीनची पुस्तिका हातात होती. पुठ्ठ्याच्या तक्त्यांना कापून त्यांची खोकी करणारं हे यंत्र. त्याचे दोन लोखंडी जबडे पुस्तकासारखे उघडतात आणि मिटतात. उघडले की पुठ्ठा आत ठेवायचा, मिटले की आकार कापला जातो. कंपनीनं पाठवलेल्या फोटोत कामगारानं पुठ्ठा कडेला चिमटीत धरला होता. ती चिमूट तिनं आठ वेळा काढली आणि आठ वेळा खोडली. कशीही काढली तरी कोंबडीच्या चोचीसारखी दिसे. नवव्या वेळी तिनं फळ्याकडे बघितलं आणि डबीवरचा हात काढला.

आकृती चार : पुठ्ठा आत सरकवणे. हात चौकटीच्या उजव्या कडेतून आत येतो, तळवा पुठ्ठ्यावर पसरलेला. मशीनवर एक लाल रेषा असते, हात तिच्या अलीकडेच थांबायला हवा. एकरंगी छपाईत ती लाल रेषा करडी, तुटक झाली होती आणि बोटांची टोकं तिच्या पलीकडे गेली होती. बोटं आखूड केली की हात मेल्यासारखा दिसे, म्हणून तिनं ती लांब ठेवली होती. हे पान चौघांनी तपासलं. कंपनीच्या इंजिनिअरनं खाली सही केली. सगळ्यांना हात दिसला, रेषा कुणाला दिसली नाही. बाईंनी मूळ चित्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. नवं गिऱ्हाईक आलं की त्या आधी त्याला त्या भिंतीशी न्यायच्या.

आणि आता कंपनीचं पत्र आलं होतं. एका खोक्यांच्या कारखान्यात त्या मशीनवर एका कामगाराची उजव्या हाताची चार बोटं गेली होती. सरकारी चौकशी होणार होती. पुस्तिकेच्या कामाचे सगळे कागद जपून ठेवा, असं लिहिलं होतं. पत्रात 'दुर्दैवी घटना' हे शब्द दोनदा होते.

पत्र वाचून झाल्यावर तिनं पुस्तिकेची प्रत काढली आणि ते पान उघडलं. चार वर्षांत जे दिसलं नव्हतं ते पहिल्या नजरेत दिसलं. तिनं त्यावर बोट ठेवलं, आणि आपण कशावर बोट ठेवलंय हे लक्षात येऊन काढून घेतलं.

अनुस्वार आपली प्रत घेऊन तिच्या टेबलाशी आला. आकृतीखाली त्यानं लिहिलं होतं : 'पुठ्ठा कडेला चिमटीत धरा. बोटं लाल रेषेच्या अलीकडेच ठेवा.'

"माझं वाक्य बरोबर आहे," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला असावा. प्रत मिटून तो जागेवर जाऊन बसला आणि दोन दिवस चहाला तिच्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी कप घेऊन आला. म्हणाला, 'अलीकडे' हा शब्द त्याला तेव्हाच खटकत होता. अलीकडचं आणि पलीकडचं लोकांना घाईत कळत नाही, तिथे सरळ 'आधी' लिहायला हवं होतं. त्याला तो शब्द कधीच खटकला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिच्या ओझ्यातलं काहीतरी आपल्याकडे घ्यावं म्हणून तो आला होता आणि ते त्याला उचलता येत नव्हतं. तिनं त्याच्यासाठी खुर्ची सरकवली. दोघांनी चहा संपवला.

बाई वकिलाला भेटून आल्या. वकिलानं सांगितलं होतं की चौकशी संपेपर्यंत कुणी कुणाशी काही बोलायचं नाही. त्या माणसाच्या घरच्यांशी तर मुळीच नाही. हे सांगताना बाई हातातली किल्ली उलटसुलट करत राहिल्या. कार्यालयाचं भाडं, अनुस्वारची नोकरीची उरलेली पाच वर्षं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण खोलीत ते बसायला आल्यासारखं होतं.

त्या आठवड्यात फळ्यावर काहीच टाचलं गेलं नाही. बसमध्ये ती मांडीवरच्या पर्सकडे बघत बसे. बाहेर बघायची तिला भीती वाटू लागली होती. साबणाच्या पाटीवरचा फेसाळ हात, दुकानावरची वळणदार अक्षरं, जे जे सुबक दिसे ते आता काहीतरी लपवतंय असं वाटे. घरी नवऱ्यानं तिची समजूत घातली. म्हणाला, कारखान्यातली माणसं चित्रं बघून मशीन चालवत नाहीत, सवयीनं चालवतात. तो चांगल्या मनानं बोलला होता. तिनं ताट तसंच ठेवलं आणि उठली.

शनिवारी मशीन बसवून देणारा मेकॅनिक पुस्तिकांचा गठ्ठा न्यायला आला. तिनं त्याला जिन्यात गाठून त्या कामगाराचा पत्ता विचारला. कशाला हवाय, हे त्यानं विचारलं नाही. पत्त्याबरोबर खुणाही सांगितल्या.

रविवारी दुपारी ती गेली. तिसरा मजला होता. जिन्यात सायकली भिंतीला टेकवलेल्या, दरेक दाराशी चपलांची गर्दी. हातात संत्र्यांची पिशवी होती. काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं : चूक माझी आहे. तीन शब्द. अनुस्वारलाही त्यातून काही काढून टाकता आलं नसतं.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिशीची असेल. तिच्या बोटांना वाळलेल्या खळीचे पापुद्रे चिकटले होते. ती त्याच कारखान्यात खोकी चिकटवायच्या खात्यात होती, हे मेकॅनिकनं सांगितलं होतं. मशीनचं पुस्तक तयार करतात त्यांच्याकडून आलेय, एवढंच तिनं म्हटलं आणि बायकोचा चेहरा बदलला. ती झटकन बाजूला झाली. "ऑफिसातून आल्यात," असं तिनं आत सांगितलं. टीव्ही बंद झाला. खुर्ची पुसून पुढे केली गेली.

तो कॉटवर बसला होता. उजवा हात उशीवर, मनगटापासून पुढे पट्ट्यांचा गोळा. त्यातून एकटा अंगठा वर आलेला. डाव्या हातानं त्यानं सदऱ्याची बटणं लावायला घेतली, दोन लावली आणि सोडून दिली. मग ती काही विचारायच्या आतच तो बोलायला लागला. मशीन साफ होतं. बूट घातलेले होते. रात्रीची झोप झालेली होती. कुणाशी गप्पा मारत नव्हतो. पुस्तक वाचलेलं होतं. पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं तो भिंतीकडे बघून बोलत होता.

"कुठलं पुस्तक?" तिनं विचारलं.

त्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं कपाटावरच्या घडी घातलेल्या ब्लँकेटांखालून एक चपटं पाकीट ओढून काढलं. ती पुस्तिका होती. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड चिकटवलेलं, छापखान्यातून निघाली तशीच. तोंडावरची गोल चिकटपट्टीही फाटलेली नव्हती.

हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ वर्षं तो पंचिंगवर होता आणि असं काही पुस्तक असतं हे त्याला माहीतच नव्हतं. ते मालकाच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. मालक हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा उशाशी ठेवून गेले. म्हणाले, चौकशीत सांग, नवं मशीन आलं तेव्हा हे वाचून घेतलं होतं. सगळ्या सूचना यात आहेत. तेव्हापासून नवरा-बायकोच्या जिवाला घोर होता, की यात काय आहे असं कुणी विचारलं तर काय सांगायचं. उघडून बघायचा धीर होत नव्हता. न जाणो, परत मागितलं तर.

ती पिशवीकडे बघत राहिली. तोंडाशी आणलेले तीन शब्द कुठेतरी मागे गेले. तिनं पाणी मागितलं. पेला भरून पाणी आलं, ते तिनं एका दमात संपवलं आणि रिकामा पेला दोन्ही हातांत धरून बसली. एकोणीस वर्षांत अशा किती पिशव्या, किती ड्रॉवरांमध्ये, ह्याचा अंदाजसुद्धा तिला करवेना.

तो आता मोकळा बोलू लागला होता. पुठ्ठा तिरका बसला होता. सरळ करायला हात गेला. "मी नेला नाही," तो म्हणाला, "तो गेला." मशीनच्या तोंडाशी एक जाळी असते, हात मध्ये आला की मशीन आपोआप थांबवणारी. ती गेल्या वर्षी काढून ठेवली होती. जाळीमुळे काम हळू होतं.

"हे चौकशीत सांगाल ना?" तिनं विचारलं.

उत्तर बायकोनं दिलं.

"मी अजून तिथेच कामाला आहे, ताई."

तिनं विचारलं, की आता त्या मशीनवर कोण आहे. दुसरा आहे, तो म्हणाला, माझ्याच हाताखाली शिकला. आणि जाळी? त्यानं नुसती नकाराची मान हलवली.

मग त्यानं संकोचून एक विनंती केली. तुम्ही पुस्तकाचं काम करता, तर एकदा माझ्याबरोबर वाचून काढा. अक्षरं मला येतात, पण सावकाश येतात. तिकडे साहेब लोकांपुढे अडायला नको.

बायकोनं कात्री आणली आणि पिशवीचं तोंड नीट, सरळ कापलं. शाईचा वास आला. ती खुर्चीवरून उठून कॉटच्या कडेला बसली आणि तिनं पहिलं पान उघडलं.

तिला असा वाचक कधी मिळाला नव्हता. प्रत्येक पानावर तो वाकत होता. तेल घालायच्या जागा त्यानं चित्रात बोट ठेवून मोजल्या आणि एक राहिलीय म्हणाला. मग पान उलटल्यावर ती सापडली, तेव्हा खूश झाला. एका नटाच्या चित्रापाशी थांबून म्हणाला, हा हुबेहूब आहे, याचा आटा असाच झिजतो. अनुस्वारचं एक वाक्य होतं, 'मशीनचा आवाज ओळखीचा करून घ्या. तो बदलला, की थांबा.' ते त्यानं तिला दोनदा वाचायला लावलं. मग बायकोकडे वळून सांगितलं की बघ, मी हेच म्हणतो. तो मान डोलावत ऐकत होता, मध्येच काही विचारत होता, आणि आपण ज्या मशीनबद्दल ऐकतोय ते आता आपल्याला चालवता येणार नाही, हे थोडा वेळ त्याच्या लक्षात नव्हतं. मग अंगठा हलला आणि लक्षात आलं. तो मागे टेकला.

"वाचा पुढे," तो म्हणाला.

आकृती चारचं पान पुढचंच होतं. दोन पानं एकदम उलटता आली असती. तिच्या बोटांत ती आलीही होती. तिनं एक सोडलं.

तो बराच वेळ बघत राहिला.

"हात छान काढलाय." मग थोड्या वेळानं, "पण असा नसतो."

त्यानं डावा हात हवेत धरून चिमूट करून दाखवली. पुठ्ठा असा धरायचा, कडेला. आणि रेषेपाशी सोडून द्यायचा. "ह्याची बोटं बघा, पार पलीकडे गेलीत. असा हात ठेवला तर पहिल्याच दिवशी जाईल." तो अर्धवट हसला. "बरं झालं, कुणी वाचलं नाही."

बायको खाली बसून संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले. ती उठली, हात पुसले आणि पुस्तक घेऊन खिडकीच्या उजेडात गेली. चित्र बघितलं. ती तुटक रेषा शोधून तिच्यावर नख फिरवलं. मग नवऱ्याच्या हाताकडे बघितलं.

"हे कुणी काढलं?"

"मी," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तेच सांगायला आले होते."

त्यानं ओशाळून पाय जवळ घेतले, जणू पाहुण्यांना घालूनपाडून बोलला होता. होतं असं, म्हणाला. माणूस आहे, होतं. याचं काही नाही, मी तर पुस्तक पाहिलंसुद्धा नव्हतं. तो तिची समजूत घालत राहिला आणि ती ऐकत राहिली. त्याच्या एकेका शब्दाबरोबर ती आणखी लहान होत होती.

बायकोच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कापड अंगाला पुरेल का, हे नुसत्या नजरेनं मापावं तशी ती पानाकडे बघत होती.

"मालक म्हणालेत, वाचलं होतं असं सांग," ती नवऱ्याला म्हणाली.

"हो."

"मग सांगा. वाचलं होतं. अक्षरं तुम्हाला सावकाश येतात हे सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही चित्रं बघितली." तिनं पान त्याच्यापुढे धरलं. "आणि यात दाखवलाय तसा हात ठेवला."

"अगं, पण मी तर..."

"जाळीचं नाव निघणार नाही. माझं काम राहील. आणि तुमच्या हाताची चूक तुमच्यावर येणार नाही."

तो बायकोकडून पाहुणीकडे आणि पाहुणीकडून चित्राकडे बघत राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती. बायको वळली आणि तिच्याकडे बघून पहिल्यांदाच नीट, एखाद्या ओळखीच्या बाईला विचारावं तसं विचारलं.

"ताई, तुमचं काय होईल?"

तिच्या डोळ्यांपुढे बाई आल्या, स्टुलावरून उतरताना जपून टाकलेलं त्यांचं पाऊल आलं. अनुस्वार आला. सांगण्यासारखं बरंच होतं. हे खरं नाही, असं सांगता आलं असतं. जाळीचं कुणी बोललं नाही तर ती तशीच कोपऱ्यात राहील आणि तुमच्या हाताखाली शिकलेला तो दुसरा उद्या सकाळी मशीनपुढे उभा राहील, हेही सांगता आलं असतं. ती दोघं ते जाणत नव्हती असं नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. आणि मग, "चित्र माझंच आहे."

बायकोनं मान हलवली. ती कॉटवर नवऱ्याशेजारी बसली, अंगठा ओला केला आणि पानं उलटायला लागली. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. पुस्तकाची पाठ गुडघ्यावर दाबून मोडली. कडा तळहातानं घासल्या. त्यानं थोडा वेळ नुसतं बघितलं, मग डाव्या हातानं तोही पानं चाळू लागला, सुरुवातीला सवय नसल्यासारखा, मग भराभर. आकृती चारच्या पानाचा कोपरा बायकोनं दुमडला, पुन्हा उघडला, पुन्हा दुमडला. दहा मिनिटांत ते पुस्तक चार वर्षं कुणाच्यातरी रोजच्या हातातलं वाटायला लागलं.

ती निघायला उठली. कॉटच्या पायाशी प्लॅस्टिकची पिशवी पडली होती, वरून सरळ कापलेली, गोल चिकटपट्टी तशीच. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. तिनं वाकून ती उचलली, पर्सवर ठेवून सपाट केली, आतली हवा काढली आणि तिच्या चार घड्या घातल्या. मग पर्स उघडून ती पिशवी अगदी तळाशी ठेवली आणि चेन लावली.